वाहनतळावरील क्षुल्लक धक्का आणि अनोळखी जमावाचे भय

रस्त्याच्या कडेला तिरप्या उभ्या केलेल्या मोटारसायकलींची लांबलचक रांग हे मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणाचे नित्याचे दृश्य होय. परभणीत शिवाजी चौक, गांधी पार्क, नानलपेठ किंवा नवा मोंढा यांपैकी कोठेही दुपारच्या वेळी उभे राहिल्यास ते पाहावयास मिळते. अशा रांगेलगत उभी केलेली मोटार मागे घेताना टोकाच्या मोटारसायकलीस किंचित धक्का लागतो. ती शेजारच्या गाडीवर कलते, ती तिसरीवर, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चार-पाच गाड्या आडव्या होतात. नुकसान म्हणावे तर एक आरसा, एक इंडिकेटर, टाकीवर ओरखडा आणि मोटारीच्या बंपरला पोचा. कोणासही इजा झालेली नसते. परंतु मिनिटभरात मोटारीभोवती पंचवीस-तीस माणसांचे कडे उभे राहते आणि चालकाचा घसा कोरडा पडतो.

यथाकाल गाड्या उभ्या केल्या जातात, काही रक्कम हातोहात दिली जाते, कडे विरते. एवढ्याने प्रसंग संपावयास हवा. तो संपत नाही. दिलेली रक्कम विसरली जाते, पण ते कडे विसरले जात नाही. पुढे कित्येक दिवस त्या रस्त्याने जाणे टाळले जाते. गाडी मागे घेण्याची वेळ आली की छातीत धडधडू लागते. आणि ‘मी त्या वेळी असे बोलावयास हवे होते’ हा संवाद मनाशी चालूच राहतो. कारण एवढे लहान आणि परिणाम एवढा मोठा, या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

तिचे दोन उलगडे सहज सुचण्याजोगे आहेत. एक म्हणजे चालक स्वभावतः भित्रा असावा. दुसरा म्हणजे जमाव स्वभावतः हिंस्र असतो. दोन्हींत तथ्यांश असला तरी मुख्य गोष्ट त्यांतून निसटते. वाहनतळावरील धक्का आणि चालत्या वाहनांची टक्कर यांत एक मूलभूत भेद आहे व त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. चालत्या वाहनांच्या टकरीत ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य तेथेच, समोर असतो. वाहनतळावर तो नसतो. मोटारसायकल उभी करून तो बँकेत, दवाखान्यात किंवा मोंढ्यात गेलेला असतो. म्हणजे नुकसान झालेले आहे, नुकसान करणारा उपस्थित आहे, आणि ज्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे तो मात्र गैरहजर आहे. ही रिकामी जागा अनोळखी माणसे भरून काढतात. चालकाच्या भयाचे मूळ या रिकाम्या जागेत शोधावे लागते.

प्रथम शरीराची बाजू पाहू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट जाणवताच अधिवृक्क ग्रंथीतून स्राव सुटतो, हृदयाची गती वाढते, रक्त स्नायूंकडे वळते, पचनक्रिया मंदावते. ही सारी सिद्धता लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते. वाहनतळावरील चालकाला या दोन्ही वाटा बंद असतात. लढणे मूर्खपणाचे, आणि निघून जाणे म्हणजे ‘ठोकून पळाला’ हा शिक्का. त्यातच कोणीतरी पुढे होऊन मोटारीची किल्ली काढून घेतो. अशा वेळी शरीराने केलेली सिद्धता खर्ची पडत नाही. हातांना कंप सुटतो तो याच न वापरल्या गेलेल्या सिद्धतेचा, आणि बघ्यांना तो अपराधाची खूण वाटतो.

रिचर्ड लाझारस व सुझन फोकमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ताणाचे जे विवेचन केले ते येथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते मनुष्य प्रसंगाचे मूल्यमापन दोन अंगांनी करतो: यात माझे काय जाणार आहे, आणि त्याला तोंड देण्यास माझ्यापाशी काय आहे. वाहनतळावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरे पाहता मामुली असते. एका आरशाची किंमत ती किती! पण दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसते. किती द्यावयाचे, कोणाला द्यावयाचे, दिल्यावर सुटका होणार की नाही, आणखी एक जण येऊन वेगळा आकडा सांगणार काय, यांपैकी काहीच ठाऊक नसते. भय वाढते ते नुकसानीच्या प्रमाणात नव्हे, तर शेवट दिसत नसल्याच्या प्रमाणात.

नुकसानीचे मोल ठरविण्याची अडचण ही वाटते तितकी किरकोळ नाही. बैलगाडीचे चाक मोडले तर ते दुरुस्त करण्यास काय लागेल हे गावातील प्रत्येक जाणत्या माणसास कळत असे. सुतार गावचाच होता, त्याचे काम बलुत्यात मोडत होते, आणि लाकूड सर्वांच्या पाहण्यातले होते. आजच्या मोटारीच्या बंपरच्या आत काय असते, रंगाचा एक पापुद्रा गेला तर केवढा भाग नव्याने रंगवावा लागतो, हे कड्यातील बहुतेकांना सांगता येणार नाही आणि चालकालाही नाही. ज्या वस्तूचे मोल कोणालाच माहीत नाही तिचे मोल आवाजाच्या चढावर ठरते. पाचशेपासून पाच हजारांपर्यंत आकडे फेकले जातात आणि त्यांतील कोणताच खोटा म्हणून सिद्ध करता येत नाही.

आता कड्यातील माणसांकडे वळू. त्यांचे वागणे समजून घेण्यासाठी मराठी मुलखातील न्यायनिवाड्याची जुनी रीत ध्यानात घेणे इष्ट होईल. गावातील तंटा गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व इतर वतनदार एकत्र बसत. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले जाई आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी महजरावर काढी. पाटलाचा नांगर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. निशाणीचा अर्थ असा की, निर्णयाची जबाबदारी घेणारा मनुष्य कोण हे कागदावर राही. ‘पंच’ हा शब्द आजही पोलिसांच्या पंचनाम्यात टिकून आहे व तेथेही पंचाचे नाव, वय, पत्ता आणि सही लागतेच.

वाहनतळावरील कड्याने गोतसभेचे रूप तेवढे घेतलेले दिसते. माणसे गोल उभी राहतात, प्रश्न विचारतात, दोष ठरवितात, दंड सांगतात, ‘मिटवून टाका’ असा सल्लाही देतात. फक्त निशाणी कोणी काढत नाही. ज्याने आकडा सांगितला तो पुढच्या क्षणी मागच्या रांगेत मिसळून जाऊ शकतो. पंच आणि बघे यांच्या सीमारेषेवर हा समूह उभा असतो: पंचाचा अधिकार त्याला हवा असतो, पण बघ्याचे निनावीपण सोडावयाचे नसते. ही टीका एकांगी वाटू नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, या माणसांपैकी अनेकांची प्रेरणा चांगली असते. मोटारसायकल कोणा अनोळखी माणसाची असली तरी ती आपल्यासारख्याच कोणाची तरी आहे, कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली असेल, आणि मोटारवाला निघून गेला तर त्या गरिबाला कोण विचारणार, हा विचार त्यामागे असतो. गैरहजर मालकाची राखण करणे हे शेजारधर्माचेच एक रूप होय. चालकाला मात्र त्यातील राखण दिसत नाही, कडे तेवढे दिसते.

कड्यातून येणारा पहिला प्रश्न बहुधा नुकसानीविषयी नसतोच. तो असतो, “कोण्या गावचे तुम्ही?” मराठवाड्याच्या ग्रामीण व्यवहारात हा प्रश्न म्हणजे ओळखीचा पूल आहे. गाव कळले की त्या गावचा सोयरा आठवतो, सोयऱ्यावरून नाते निघते, आणि नाते निघाले की तंटा अर्धा मिटतो. गंगाखेडचा मनुष्य सेलूच्या माणसास हा प्रश्न विचारतो तेव्हा त्यात धमकी नसते. पण पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापकास तोच प्रश्न विचारला गेला तर तो त्याला झडतीसारखा वाटतो. शिवाय प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तराचा अर्धा भाग गाडीच्या पाटीवर लिहिलेला असतो. परभणीची मोटार ‘एमएच २२’, शेजारच्या हिंगोलीची ‘एमएच ३८’, नांदेडची ‘एमएच २६’, आणि ‘एमएच १२’ म्हणजे पुणे. धक्क्याच्या क्षणी चालकाला प्रथमच जाणवते की, आपला परकेपणा आपण गाडीच्या मागेपुढे बांधून हिंडत आहोत.

गावाच्या प्रश्नापाठोपाठ आडनावाचा प्रश्न येतो, आणि येथे विवेचनाला अधिक सावध व्हावे लागते. आडनाव विचारणे हे या भागात पुष्कळदा जात किंवा धर्म विचारणे असते. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांत परभणी जिल्ह्यातील गावेही होती. ज्या घरांत ती आठवण जिवंत आहे त्या घरातील चालकाला अनोळखी जमावाने आडनाव विचारणे आणि इतर कोणाला विचारणे या दोन सारख्या घटना नव्हेत. मुसलमान चालकाची स्थितीही निराळी नाही. स्त्री चालक असेल तर कड्यातील शेरे प्रथम तिच्या गाडी चालविण्यावर व मग तिच्या एकटीने बाहेर पडण्यावर येतात, आणि चूक तिची होती की नव्हती हा प्रश्न मागे पडतो. म्हणून ‘अनोळखी जमावाचे भय’ असे एकवचनी नाव देऊन या अनुभवाचा अभ्यास करणे सदोष ठरेल. एकाच कड्यात उभ्या असलेल्या दोन चालकांपैकी एकाला ती गैरसोय वाटते, दुसऱ्याला जिवावरचे संकट वाटते, आणि दोघांचीही समजूत आपापल्या जागी साधार असू शकते.

जमावाविषयी शास्त्र काय सांगते? गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली असे प्रतिपादन केले की, जमावात मनुष्याची विवेकबुद्धी लोपते व एक आदिम समूहमानस जागे होते. हा सिद्धान्त आपल्याकडे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला आणि सामान्य माणसाच्या मनातही तो रुजला आहे. पुढील संशोधनाने मात्र त्याला बराच धक्का दिला. १९६८ साली बिब लाटाने व जॉन डार्ली यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. शेजारच्या खोलीतील व्यक्तीस झटका आल्याचे ऐकून, आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी झटका चालू असतानाच मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. निष्क्रिय बघ्यास क्रूर मानण्याचे कारण नाही. त्याची जबाबदारी इतरांत वाटली गेलेली असते, आणि इतर गप्प आहेत त्याअर्थी बोलण्याजोगे काही घडत नसावे असे प्रत्येक जण समजतो.

वाहनतळावर या मौनाचा दुसराच परिणाम होतो. तीस माणसांपैकी बोलणारी तिघे-चौघेच असतात. उरलेल्यांपैकी कोणी कामावर जाता जाता थबकलेला असतो, कोणाची गाडी त्या रांगेत अडकलेली असते, कोणाला नुसतेच कुतूहल असते, आणि कित्येकांना हे लांबू नये असे मनापासून वाटत असते. पण ते बोलत नाहीत. चालक त्यांच्या मौनाचा अर्थ संमती असा लावतो. ईस्टरब्रुक यांनी १९५९ साली दाखवून दिले की, क्षोभाच्या अवस्थेत अवधानाची कक्षा आकसते. मनुष्य मध्यवर्ती खूण तेवढी टिपतो व कडेच्या खुणा गाळतो. म्हणून मोठ्याने बोलणारा चेहरा स्पष्ट दिसतो, आणि मागे उभे राहून ‘जाऊ द्या हो’ असे हातानेच सुचविणारा वृद्ध दिसत नाही. तिघांचा राग चालकाच्या मनात तिसांचा होतो.

हे केवळ तर्क नव्हेत. रिचर्ड फिलपॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर या तीन शहरांतील सार्वजनिक भांडणांचे २१९ चित्रित प्रसंग तपासले; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे ९१ टक्के प्रसंगांत निदान एका तरी बघ्याने मध्ये पडून मदत करण्याचा किंवा भांडण शांत करण्याचा प्रयत्न केला, आणि बघे जितके अधिक तितकी मदत मिळण्याची शक्यताही अधिक दिसली. ती शहरे परभणी नव्हेत व त्या निष्कर्षांची येथे तशीच्या तशी कलम लावता येणार नाही. तरीही कड्यातील माणसांची संख्या हीच धोक्याची मोजपट्टी, ही समजूत त्यामुळे ढिली होते.

ढिली होते, निकालात निघत नाही. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा येथे रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीवरून वाद झाला, त्यात एका ६५ वर्षांच्या गृहस्थास मारहाण झाली व ते मरण पावले. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये एक वर्षाची शिक्षा दिली. तेथे गाडीला ओरखडाही गेलेला नव्हता, प्रश्न वाट देण्याचा होता. आपल्याकडील उदाहरण याहून भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ते मुले पळविणारे आहेत अशा अफवेवरून, जमावाने ठार मारले. तेथे वाहनाचा धक्का नव्हता. पण प्रारंभ अनोळखी माणसांना हटकण्यापासूनच झाला होता. अशा घटना विरळ असतात हे खरे. तथापि विरळ घटनेचे स्मरण दाट असते, आणि कड्यात सापडलेल्या माणसाला संख्याशास्त्राचा आधार घेता येत नाही. त्याच्या भयाला निव्वळ भ्रम म्हणणे अन्यायाचे होईल.

या सर्वांत भाषेचा वाटा मोठा आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला तो विशेष लक्षणीय वाटावा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले होते. ‘एकमेकींवर आदळल्या’ अशा अर्थाच्या उग्र क्रियापदाने विचारले असता सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या वर गेला. ‘एकमेकींना स्पर्श झाला’ अशा अर्थाच्या सौम्य क्रियापदाने तो ३२ मैलांच्या आत राहिला. चित्रफीत तीच होती. उग्र क्रियापद ऐकलेल्यांपैकी काहींना पुढे आठवड्याने फुटलेली काचही आठवली. चित्रफितीत काच फुटलेली नव्हती.

मराठीत या क्रियापदांची एक चढती श्रेणी आहे. ‘गाडीला गाडी लागली’ या वाक्यात कर्ता माणूस नाही. गाड्यांचे आपसांत जे व्हावयाचे ते झाले. ‘घासली’ यात थोडी निष्काळजी सूचित होते, परंतु घासणारा अजूनही झाकलेला असतो. ‘ठोकली’ म्हटले की वाक्याला एकदम कर्ता मिळतो: कोणी ठोकली? याने. ‘उडवली’ म्हटले की वेगही येऊन मिळतो. वाहनतळावर चालक बाहेर पडतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘लागली’ असते, आणि कड्यातून पहिला शब्द येतो तो ‘ठोकली’. भांडण वस्तुतः या दोन क्रियापदांत चाललेले असते. नंतर आलेला बघा धक्का पाहिलेला नसतो, तो क्रियापद ऐकतो. आणि त्याच्यापासून ज्याने ऐकले त्याच्यापर्यंत पोचेतो मोटार ‘उडवून’ निघालेली असते. चालकालाही घरी गेल्यावर प्रसंग आठवतो तो बहुधा दुसऱ्यांच्या क्रियापदांतूनच. स्वतःच्या चुकीचे माप त्याला त्या दिवशी इतरांनी हातात दिलेले असते.

दिलगिरी व्यक्त करूनही हे का शमत नाही याचे उत्तर अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९७१ च्या ग्रंथात मिळते. सार्वजनिक जागी एकाने दुसऱ्याची मर्यादा ओलांडली तर स्पष्टीकरण, क्षमायाचना आणि तिचा स्वीकार अशा लहानशा विधीने तो भंग सांधला जातो, असे त्यांनी दाखविले. विधी पूर्ण होण्यास क्षमा स्वीकारणारा लागतो. गर्दीत पायावर पाय पडला तर ‘माफ करा’ म्हटल्यावर ‘असू द्या’ हे उत्तर येते व दोघेही मोकळे होतात. वाहनतळावर ‘चूक झाली’ असे कोणाला म्हणावयाचे? कड्यातील कोणालाही ‘असू द्या’ म्हणण्याचा अधिकार नाही, कारण गाडी त्याची नाही. आणि ‘असू द्या’ म्हणणारा उगाच दुसऱ्याच्या मालाबाबत उदार ठरतो. कठोर राहण्यास मात्र अधिकार लागत नाही. म्हणून मालकाच्या गैरहजेरीत कडे सामान्यतः मालकापेक्षा कठोर असते.

कायद्याची यासंबंधीची भूमिका स्पष्ट आहे, पण रस्त्यावर ती क्वचितच कोणाला ठाऊक असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३२ अन्वये चालकाने आपले व वाहनमालकाचे नाव आणि पत्ता सांगावयाचा असतो, परंतु तो अपघाताची झळ पोचलेल्या व्यक्तीने मागितल्यावर, आणि त्या व्यक्तीनेही आपले नाव व पत्ता दिल्यास. ही अट मोठी अर्थपूर्ण आहे. कायद्याला अभिप्रेत असलेला संवाद दोन नावांमधला आहे. निनावी कड्याला त्यात जागा नाही. कलम १३४ अन्वये त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले असता व जागेवर पोलीस अधिकारी नसल्यास चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावयाची आहे. याच कलमात जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून देण्याच्या कर्तव्याला ‘जमावाचा प्रक्षोभ’ हा अपवाद विधिमंडळाने शब्दशः लिहून ठेवला आहे. अपघाताच्या जागी चालकाला कशाचे भय वाटते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, असा याचा अर्थ. सारांश, कड्यातून निघून सरळ पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी देणे हे पळून जाणे नव्हे.

मात्र चालकाला ज्याचा त्रास झाला त्या गोष्टीला कायदा नेहमीच पकडू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये, आणि त्यापूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ५०३ मध्ये, फौजदारीपात्र धाकदपटशाची जी व्याख्या आहे ती धाक घालणाऱ्याच्या उद्देशावर उभी आहे. शरीरास, मालमत्तेस किंवा लौकिकास इजा करण्याची धमकी हवी, आणि घबराट उत्पन्न करण्याचा किंवा कायद्याने बंधनकारक नसलेली गोष्ट करावयास लावण्याचा हेतू हवा. किल्ली काढून घेऊन वाट अडविणे किंवा भीती दाखवून पैसे उकळणे यांना वेगळी कलमे आहेत. पण तीस माणसे नुसती उभी राहिली, कोणी काही धमकी दिली नाही, आणि तरीही मनुष्य गर्भगळित झाला, तर तेथे गुन्हा नाही. भय आहे आणि भय घालणारा कोणी नाही. अशा अनुभवाची तक्रार कोठे नोंदवावी हे समजत नसल्यामुळे तो मनात दीर्घकाळ घोळत राहतो असे मानावयास जागा आहे.

विम्याचेही तसेच. खाजगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लक्ष रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, पण मोटारसायकलीच्या एका आरशासाठी अपघात-दावा न्यायाधिकरणाची पायरी कोण चढणार? स्वतःच्या गाडीचा दावा केल्यास पुढील वर्षाची सवलत बुडते. परिणामी लहान नुकसानीचा निकाल रस्त्यावर, रोख रकमेत आणि पावतीशिवाय लागतो. भक्कम व्यवस्था मोठ्या अपघातासाठी आहे. लहान अपघात कड्याच्या स्वाधीन केलेला आहे.

या संदर्भात एका साध्या निरीक्षणाकडे लक्ष वेधणे उचित होईल. बसस्थानक किंवा रेल्वे स्थानक यांच्या आवारातील वाहनतळ, ज्याला लोक अजूनही ‘सायकल स्टँड’ म्हणतात, तेथे हेच धक्के लागतात, गाड्या अशाच आडव्या होतात, पण कडे सहसा जमत नाही. तेथे पावती फाडणारा एक मनुष्य असतो. गाडी कोणाची हे त्याला ठाऊक असते किंवा पावतीवरून शोधता येते, आणि मालक येईपर्यंत त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार सर्व जण त्याच्याकडे निमूटपणे सोपवितात. त्याच्याजवळ नाव व दूरध्वनीचा क्रमांक ठेवून चालक निघू शकतो. रस्त्याच्या कडेच्या रांगेला असा कोणी नसतो. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाच्या काळात परभणीत बाहेरगावच्या वाहनांची दाटी होते. अशा दिवसांत तात्पुरत्या वाहनतळांवर नेमलेली माणसे आणि मोकळ्या रस्त्यावरील रांगा यांची तुलना करून पाहिल्यास येथे मांडलेल्या विचाराची परीक्षा सहज होऊ शकेल. पोलिसांच्या दप्तरात ही सामग्री मिळणार नाही. जागच्या जागी मिटविलेला धक्का कोठेच नोंदला जात नाही. ती पाहूनच गोळा करावी लागेल, आणि पाहताना मालक येतो त्या क्षणाकडे विशेष ध्यान द्यावे लागेल. बोलणारे आवाज खाली येतात, मागच्या रांगेतील माणसे पांगू लागतात, गाडीचा धनी वाकून आरसा हाताने सरळ करून पाहतो, कळ दाबून यंत्र सुरू होते की नाही ते बघतो, आणि मग चालकाकडे वळून पहिल्यांदाच नुकसानीविषयी बोलतो.